आतुरपरिप्रश्न : सांगणारा, ऐकणारा आणि मध्ये उभा असणारा

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी पहिल्या दोहोंविषयी आपल्याकडे विपुल लेखन होते. नाडीपरीक्षेच्या कार्यशाळा भरतात, जिह्वेची रंगीत चित्रे छापली जातात. प्रश्न विचारणे मात्र प्रत्येकास उपजतच येते, असे गृहीत धरून आपण पुढे जातो. वास्तविक ग्रहणीचे मृदुदारुणत्व, स्वप्ने, आवडनिवड व सुखदुःख या गोष्टी रुग्णास विचारूनच जाणाव्यात, असे चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी तर पंचेंद्रियांच्या जोडीला प्रश्न ही सहावी परीक्षाच मानली. शिवाय चरक सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात रुग्णाच्या चार गुणांमध्ये 'ज्ञापकत्व', म्हणजे आपली व्यथा नीट सांगता येणे, हा एक गुण आहे. विद्यार्थिदशेत आम्ही तो पाठ केला आणि तो रुग्णाच्या अंगी असतो किंवा नसतो, एवढाच त्याचा अर्थ घेतला. पुढे एका रुग्णेने आमचा हा समज मोडला.

चौपन्न वर्षांच्या या बाई मुलासमवेत आल्या होत्या. तक्रार मुलानेच सांगितली : "आईला अशक्तपणा आहे, चिडचिड होते." आम्ही बाईंकडे वळून विचारले, तेव्हा त्या पदर सारखा करीत म्हणाल्या, "अंगातली उष्णता बाहेर पडते हो." आर्तवनिवृत्ती होऊन चार वर्षे झाल्याचे त्यांनी सांगितले होते. 'उष्णता' हा शब्द कानी पडताच आमच्या मनात पित्ताचे सारे प्रकरण उघडले गेले. मूत्रदाह आहे का, तोंड येते का, असे प्रश्न आम्ही विचारले. त्यांनी प्रत्येकास "हो, हो" म्हटले. प्रवाळपिष्टी, गुलकंद, पथ्याचा कागद असा व्यवस्थित उपचार देऊन आम्ही त्यांना निरोप दिला. सात महिन्यांनी त्याच बाई शेजारणीबरोबर आल्या. त्या दिवशी आमच्या पत्नी (त्याही वैद्य आहेत) चिकित्सालयात बसल्या होत्या. "अंगावर जाते ते पांढरे की लाल?" या त्यांच्या दुसऱ्याच प्रश्नाला बाईंनी खाली मान घालून "लाल" असे उत्तर दिले. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव एकदाच व अल्प झाला, तरी त्याची तातडीने स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी व्हावयास हवी, हे आपण सारे जाणतो. तपासणीत गर्भाशयाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेनंतर त्यांना किरणोपचारही घ्यावे लागले. सात महिने आधी गेल्या असत्या तर कदाचित शस्त्रक्रियेवर भागले असते, असे तज्ज्ञांनी आम्हांस सांगितले. बाईंनी पहिल्याच दिवशी आपल्या परीने सर्व सांगितले होते. मुलासमोर जो शब्द उच्चारणे शक्य होते तो त्यांनी उच्चारला, आणि आम्ही तो आमच्या ग्रंथातल्या अर्थाने ऐकला.

अशा शब्दांची जंत्री मोठी आहे. 'अडचण', 'बाहेरची होणे', 'कावळा शिवणे' हे सारे पाळीविषयी. 'अंगावर जाणे' हे पांढरेही असते आणि लालही. 'अंग बाहेर येणे' म्हणजे योनिभ्रंश, पण पुष्कळदा त्याचे वर्णन केवळ "ओटीपोटात जड वाटते" एवढ्यावर थांबते. 'उष्णता' तर कोणत्याही लाजिरवाण्या तक्रारीवर घातलेले पांघरूण आहे. स्त्रिया श्वेतप्रदर व मूत्रदाहासाठी, तर पुरुष धातू जाण्यासाठी हाच शब्द वापरतात. चरकांनी वनस्पतींची नावे व रूपे ओळखण्यासाठी गुराख्यांकडे, मेंढपाळांकडे जाण्यास सांगितले. व्याधींची नावे मात्र आपण पुस्तकातूनच शिकतो.

न सांगितलेल्या व्याधींचे प्रमाण किती असावे? डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी 55 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाच्या तक्रारी होत्या. तपासणीत मात्र 92 टक्के स्त्रियांमध्ये एक वा अधिक व्याधी आढळल्या, आणि पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. आकडे जुने आहेत, परंतु 55 आणि 92 यांमधील अंतर आमच्या चिकित्सालयात आजही रोज येऊन बसते.

आता मध्ये उभ्या असणाऱ्या व्यक्तीविषयी. पती वा पालक यांच्या अनुपस्थितीत स्त्रीची चिकित्सा करू नये, असा दंडक चरक विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील शिष्योपदेशात आहे. त्याच उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत असेही आहे. पहिला नियम स्त्रीच्या व वैद्याच्या दोघांच्याही रक्षणासाठी आहे, त्यास बगल देण्याचे कारण नाही. पण सासू समोर बसली असता सून आपल्या मासिक पाळीविषयी, गर्भपाताविषयी वा मारहाणीविषयी खरे सांगेल, ही अपेक्षा भाबडी आहे. "सासूबाई, जरा बाहेर बसा" म्हटले की अपमान होतो, आणि त्याचा वचपा घरी सुनेवर निघतो. आम्ही आता स्त्री परिचारिकेस पडद्याजवळ उभे करतो आणि वजन व रक्तदाब पाहण्यासाठी रुग्णेस आत नेतो. "नाडी पाहताना शांतता लागते" हे वाक्यही उपयोगी पडते, आणि ते असत्यही नाही! संबोधनाचाही परिणाम होतो. 'मॅडम' म्हटल्यावर गप्प बसणारी बाई 'ताई' किंवा 'मावशी' म्हटल्यावर बोलू लागते, मात्र तिशीतल्या बाईस 'काकू' म्हणून पाहण्याचे धाडस कोणी करू नये.

पुरुषांची तऱ्हा वेगळी. धातू जाण्याची तक्रार तो सर्वांत शेवटी, दाराशी पोहोचल्यावर, "आणखी एक विचारायचे होते" म्हणून करतो. या तक्रारीभोवतीच्या भयाला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 1960 साली 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. अशा रुग्णास केवळ वाजीकर योग देऊन वाटेस लावले तर त्याच्या भयावर आपण शिक्कामोर्तबच करतो. छातीतील वेदनेबाबत हाच पुरुष उलट वागतो. "थोडा गॅस धरलाय" म्हणत तो चिकित्सालयात न येता थेट औषधालयात जातो आणि हिंग्वाष्टक मागतो. औषधी विक्रेत्यांनी घाम, धाप व डाव्या हाताची कळ एवढे विचारले तरी एखादा जीव वाचेल. स्त्रियांमध्ये हृद्रोग पुष्कळदा छातीच्या तीव्र कळेवाचून, केवळ थकवा, मळमळ व दम लागणे अशा रूपांत येतो, आणि "कामाने थकली असेल" असे म्हणून घरचे तो सोडून देतात. आपणही तेच करतो.

आमच्या पत्नींचा अनुभव येथे नमूद करणे योग्य ठरेल. त्यांच्या समोर बसून, पाच मिनिटे बोलून झाल्यावर अनेक पुरुष विचारतात, "डॉक्टर कधी येणार?"

औषधालयाच्या फळीवरचा संवाद हा चिकित्सेचाच भाग आहे. पत्नीचे औषध न्यायला आलेल्या पतीस "अंगावर जाण्याचे कोणाचे?" असे चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने विचारले की पुढील महिन्यात तो येत नाही, आणि चिकित्सा खंडित झाल्याचे खापर आपण औषधाच्या गुणावर फोडतो. अनुपान व काल यांबाबतही असेच. "जेवणानंतर दोन वेळा" हे आपण लिहितो, पण सर्वांची ताटे उचलून जेवणाऱ्या गृहिणीचे दुपारचे जेवण तीन वाजता आणि रात्रीचे साडेदहाला असते, म्हणून घड्याळातील वेळ विचारून लिहावी. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या सुनेस सर्वांग अभ्यंग सांगणे म्हणजे न होणारे काम सांगणे होय. ती "हो" म्हणते, कारण वैद्यास "नाही" म्हणणे तिच्या संस्कारात बसत नाही. आमच्याकडील "हो" याचा अर्थ पुष्कळदा "ऐकले" इतकाच असतो.

आसवारिष्टांतील स्वयंजनित मद्यार्कामुळे कित्येक मुस्लिम रुग्ण बाटली घरी नेतात, पण तिचे बूच उघडत नाहीत. रमजानमध्ये तीन वेळांची मात्रा सहरी व इफ्तार अशा दोन वेळांवर आणावी लागते. जैन रुग्णांपैकी अनेकांस मध चालत नाही, काहींस कंदमुळे वर्ज्य असतात, म्हणून शतावरी वा विदारीकंद देण्यापूर्वी विचारलेले बरे. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यास निशाकाळी औषध देऊन काय साधणार? अरिष्टाऐवजी क्वाथ, मधाऐवजी उष्णोदक वा घृत असे पर्याय शास्त्रात भरपूर आहेत. मात्र रुग्ण आपण होऊन हे सांगत नाही. वैद्याचा मान राखण्यासाठी तो गप्प राहतो, आणि तीन आठवड्यांनी गुण नाही म्हणून अन्यत्र जातो.

वर सांगितलेल्या प्रसंगानंतर आम्ही रुग्णपत्रिकेत दोन ओळी वाढविल्या. तक्रार कोणी सांगितली, ही पहिली. रुग्णाचा शब्द जसाच्या तसा, ही दुसरी, आणि त्यापुढे "म्हणजे काय?" असे विचारून मिळालेले उत्तर. 'उष्णता', 'अशक्तपणा', 'गॅस' व 'अडचण' हे चार शब्द आले की हा प्रश्न विचारल्यावाचून निदानाचा रकाना भरावयाचा नाही, असे साहाय्यकांनाही सांगून ठेवले आहे. चाळिशीपुढील प्रत्येक स्त्रीस पाळी कधी थांबली व त्यानंतर लाल डाग दिसला का, हे एकांतात विचारले जाते. यास दीड-दोन मिनिटे अधिक लागतात, आणि गर्दीच्या दिवशी ती आम्हांसही जड जातात.