कर्नेलच्या हिशेबातील गळती

ज्या लिनक्सच्या आधारावर जगातील असंख्य सर्व्हर आणि आपल्या हातातील अँड्रॉइड फोन चालतात, त्याच्या कर्नेलमध्ये, म्हणजे मेमरी, प्रोसेसर आणि फायली यांवर ज्याची अखेरची मुखत्यारी चालते त्या गाभ्यात, २०१२ साली शिरलेला एक दोष जानेवारी २०१६ मध्ये पर्सेप्शन पॉइंट या इस्रायली कंपनीच्या संशोधकांनी उघडकीस आणला, आणि सीव्हीई-२०१६-०७२८ या क्रमांकाने त्याची नोंद झाली.

हा दोष गळतीचा होता. घेतलेली मेमरी प्रोग्रामने परत केली नाही म्हणजे ती अडकून पडते, यंत्र मंदावते, आणि बंद करून पुन्हा सुरू केले की सारे पूर्ववत होते. म्हणून मेमरी लीक हा सुरक्षिततेचा प्रश्न नव्हे, केवळ गैरसोयीचा, असा समज पुष्कळांच्या मनात दृढ आहे. तो धोकादायक आहे असे मला वाटते, आणि त्याचे कारण या प्रकरणाच्या तपशिलातच आहे.

कर्नेल आपल्या ताब्यातील गुप्त चाव्या जुडग्यांत ठेवते. अशा जुडग्याला कीरिंग म्हणतात. एखादे कीरिंग कितीजण वापरीत आहेत याचा आकडा त्यासोबतच नोंदलेला असतो: वापर सुरू झाला की त्यात एक मिळवायचा, संपला की वजा करायचा, आणि आकडा शून्यावर आला म्हणजे कीरिंग बेवारस ठरवून त्याची जागा दुसऱ्या कामास द्यायची, असा तेथील शिरस्ता. परंतु हाती असलेलेच कीरिंग प्रोग्रामने पुन्हा नावाने मागितले, तर शोध घेताना आकडा एकाने वाढे, आणि बदलण्यासारखे काही नाही असे पाहून काम तेथूनच माघारी फिरे. वाढवलेला एक वजा करण्याचे मात्र राहून जाई.

हा आकडा ३२ बिटांचा. जुन्या वीजमीटरवर ९९९९ नंतर जसे ०००० येते, तसा तो ४,२९,४९,६७,२९६ वाढींनंतर पुन्हा मूळ जागी येतो. साध्या अधिकाराच्या इसमाने तीच मागणी एवढ्या वेळा करवली, आणि संशोधकांच्या इंटेल कोअर आय७ यंत्रावर याला सुमारे अर्धा तास लागला, की आकडा शून्यावर आणता येई आणि वापरात असलेले कीरिंग कर्नेल मोकळे करी. त्या रिकाम्या जागेत आपला बनावट मजकूर भरून मग कीरिंग रद्द करण्याची आज्ञा दिली, म्हणजे रद्द करणाऱ्या कोडचा पत्ता कर्नेल त्या मजकुरातूनच घेई, आणि आक्रमकाचा कोड कर्नेलच्या सर्वाधिकाराने चाले. यासाठी यंत्रावर आधी प्रवेश हवा, आणि नव्या प्रोसेसरांतील संरक्षणामुळे काम अवघड होई, हे खरे. पण अनेकजण एकच सर्व्हर वापरतात तेथे हा दिलासा तोकडाच.

दुरुस्ती एका ओळीची झाली: माघारी फिरण्यापूर्वी 'की_पुट(कीरिंग)', म्हणजे तो राहिलेला एक वजा. मला तिच्याहून महत्त्वाची वाटते ती २०१७ मध्ये लिनक्स ४.११ सोबत आलेली 'रिफकाउंट_टी' ही व्यवस्था, कारण प्रोग्रामर कधीतरी विसरणारच हे तिने गृहीत धरले. तिच्यातील आकडा कमाल मर्यादेला पोहोचला की शून्याकडे न वळता तेथेच खिळून राहतो आणि कर्नेल तशी ताकीद नोंदवते. ती वस्तू मग कधीच मोकळी होत नाही, तिची मेमरी कायमची वाया जाते, आणि हे नुकसान जाणूनबुजून पत्करले जाते. कीरिंगचा आकडाही त्याच वर्षी या व्यवस्थेखाली आणण्यात आला.