प्रचालन प्रणालीचे दूरस्थ नूतनीकरण

सर्व्हरजवळ न जाता, संगणक जालामार्फत त्याच्या प्रचालन प्रणालीत सुधारणा करण्याची क्रिया. ज्या यंत्रात फेरबदल चालू असतात, त्याच यंत्राच्या आधारे तंत्रज्ञाचा संपर्क टिकून असतो. यंत्र पुन्हा सुरू झाले नाही, तर आज्ञा देण्याची वाटच बंद होते. फुलंब्री येथील सर्व्हर मुंबईहून सांभाळला जात असेल, तर अशा वेळी कोणाला तरी फुलंब्रीस जावे लागते.

१९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीच्या सदोष फाइलीमुळे जगभरातील विंडोजवर चालणारी सु. ८५ लाख यंत्रे बंद पडली. मुंबई विमानतळावर काही विमान कंपन्यांना प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. ही फाइल प्रचालन प्रणालीचा भाग नव्हती, परंतु तिचा वापर प्रणालीच्या गाभ्यात होत असे. दीड तासाच्या आत ती मागे घेण्यात आली. तथापि बंद यंत्रांपर्यंत दुरुस्ती पोहोचेना, व पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्ष यंत्राजवळ जाऊनच ती काढावी लागली.

म्हणून नूतनीकरण प्रथम एखाद्या कमी महत्त्वाच्या यंत्रावर करून पाहतात. माहितीची प्रत अन्यत्र ठेवतात. ती परत वाचता येते की नाही हे पाहणे मात्र बहुधा राहून जाते. लिनक्समध्ये ‘स्क्रीन’ या आज्ञावलीत काम सुरू केल्यास संपर्क तुटला तरी ते अर्धवट थांबत नाही. जुना गाभा काढून न टाकल्यास त्यावरून यंत्र पुन्हा सुरू करता येते. मात्र तो निवडण्यासाठी प्रचालन प्रणालीवर अवलंबून नसलेला स्वतंत्र नियंत्रणमार्ग आधीच जोडलेला असावा लागतो.