बोअरच्या बिटातला कोबाल्ट

अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी बोअर मारताना काळा बेसॉल्ट फोडतात ती बिटावरची राखाडी बटणं. ती पोलादाची नव्हेत, टंगस्टन कार्बाइडची असतात. कार्बाइड अतिशय कठीण, पण एकटं ठिसूळ. म्हणून लाडवातल्या पाकासारखा त्यात कोबाल्ट घालतात, अशा बटणांत बहुधा ६ ते १० टक्के. सुमारे १४०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत तो वितळून कणाकणाला धरतो आणि हातोड्याचे घाव सोसणारा चिवटपणा देतो. जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३च्या सुमारास ही युक्ती पेटंट केली.

मग कोबाल्टच्या जागी दुसरा धातू शोधायचा कशाला? जगातला बहुतेक कोबाल्ट एकट्या काँगोतून येतो, त्यामुळे भाव सतत हेलकावतो. त्याहून गंभीर गोष्ट धुळीची: कार्बाइड-कोबाल्टची बारीक धूळ फुप्फुसं कायमची निकामी करू शकते, आणि कर्करोगाचा संशयही आहे.

पर्यायांपैकी निकेल गंजाला दाद देत नाही. खारपाणपट्ट्यातल्यासारख्या खाऱ्या पाण्यात ते उजवं. पण कठीणपणात आणि ताकदीत ते कोबाल्टच्या मागे पडतं, शिवाय त्याची धूळही निर्धोक नाही. लोखंड स्वस्त आणि कमी विषारी; मात्र कार्बनचं प्रमाण जरा घसरलं की ठिसूळ संयुग तयार होऊन बटण तडकतं. लोखंड-निकेलच्या मिश्रधातूत ही अडचण कमी होते, म्हणून माझ्या मते खरी आशा तिथेच आहे.

तोवर बिटाला धार लावणाऱ्यांनी पाणी सोडूनच घासावं आणि धूळ अडवणारा चांगला मास्क लावावा.