थकलेल्या पारध्याची विद्या

शिकार म्हटलं की धावते पाय आणि मजबूत दंड डोळ्यांपुढे येतात. म्हणून हातपाय थकले की शिकारी संपला, असं आपण धरून चालतो. फासेपारध्यांच्या शिकारीला हे लागू पडत नाही. फासा लावायला जागेची पारख लागते: तित्तीर कोणत्या बांधाखालून सरकतो, हरिण कोणत्या वाटेने पाण्यावर येतं. गायपारधी तर शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ जात. सावजाला पळवून दमवण्यापेक्षा वाट पाहण्याची ही विद्या. गुडघे गेले तरी माग ओळखणं, तित्तराची हाक काढणं, फासे वळणं जमू शकतं. पालावरच्या म्हाताऱ्याचं मोल त्यात होतं.

१९७२चा वन्यजीव कायदा आणि १९९१ची दुरुस्ती यांनी ही शिकार बंद केली. ते योग्यच झालं. कापूस-सोयाबीनच्या परभणीत हरणांसाठी माळ उरलाय किती? पण बंदीने रोजगार गेला आणि बदल्यात थकलेल्या माणसाला काय मिळालं? १८७१च्या कायद्याने मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला, लोकांच्या नजरेतून नाही. श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजनेला वय ६५ झाल्याचा पुरावा हवा. पालावर जन्मलेल्याने तो कुठून आणायचा? अपंगत्वाच्या सवलतींना सहसा किमान ४० टक्क्यांचा दाखला लागतो. झिजलेले सांधे त्या मापात बसतीलच असं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की वनखात्याने परभणीतल्या जिंतूरच्या माळावर या जाणत्यांना माग दाखवायला, लावलेले फासे शोधायला रोजंदारीवर घ्यावं. हिंगोलीपलीकडच्या वाशीम जिल्ह्यात ‘संवेदना’ संस्था फासेपारध्यांच्या सोबतीने गवताळ माळ आणि तणमोर राखण्याचं काम करते, म्हणजे ही कल्पना हवेतली नाही. यातून चोरटी शिकार वाढेल, अशी भीती घातली जाईल. पण फासा कुठे दडलाय हे, तो लावणाऱ्याइतकं कोण ओळखेल? आणि ज्या घरात माळ राखण्याची मजुरी येते, त्या घराला माळ जगवण्यात स्वार्थ असतो. कॅमेरे आहेतच, असंही म्हणतील. कॅमेरा कोणत्या वाटेवर बांधायचा, हे मात्र माग वाचणाराच सांगतो.

मला जड वाटतो तो आक्षेप वेगळा आहे. पारध्यांच्या पोरांना पुन्हा शिकारीच्याच ओळखीला का बांधायचं? बांधू नये. हे काम थकलेल्यांसाठी, त्यांच्या हयातीपुरतं असावं. नातवंडं शाळेत जावीत, आणि आजोबांच्या मजुरीतून त्यांच्या वह्या याव्यात.