मागची जोडी

साडेआठला शटर वर गेलं की पहिलं काम कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढायचं. जूनमध्ये हवा दमट, रात्रीतून टाकीच्या तळाला पाणी साचतं. ते हवेबरोबर टायरात गेलं तर रिम आतून गंजायला लागतं. सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावर एव्हाना सगळी गॅरेजं जागी होत असतात. कुणी बोर्डाला उदबत्ती लावतो, कुणी रात्री अर्धवट सोडलेला गिअरबॉक्स पुढ्यात ओढतो. आमच्याकडं टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, एवढंच.

नऊ ते दहा हवा तपासायला येणाऱ्यांचा वेळ. शाळेच्या व्हॅन, मार्केट यार्डात निघालेले हळदीचे व्यापारी, विश्रामबागेतले निवृत्त लोक. यातले शहाणे सकाळीच येतात, कारण हवा थंड टायरात मोजायची असते. गाडी दहा किलोमीटर पळवून आणली की काटा दोन-तीन पॉइंट वर दाखवतो आणि माणूस खरोखर कमी असलेली हवा आणखी कमी करून घेतो.

दहाला कुपवाडहून एक स्विफ्ट आली. पुढच्या डाव्या टायरला साईडवॉलवर सुपारीएवढा फुगा. आतले धागे तुटले की असा फुगा येतो, त्याला औषध नाही.

"एकच टाका. कुठल्याबी कंपनीचा चालतोय."

"दादा, जोडीनं टाका. एका दांडीवर दोन्ही सारखे पाहिजेत."

दोन घ्यायला ते तयार झाले, पण नवे पुढंच हवेत म्हणाले, कारण स्टेअरिंग पुढं आहे आणि ओढही पुढच्याच चाकांची. हा वाद मी रोज घालतो आणि थकत नाही. रस्त्यावर पाणी साचलं की टायरच्या खाचांनी ते बाजूला सारायचं असतं. खाच कमी उरली की टायर पाण्यावर तरंगतो. पुढचे तरंगले तर गाडी सरळ जाते, हाताला कळतं, पाय उचलला की सावरते. मागचे तरंगले तर गाडी गर्रकन फिरते आणि साध्या माणसाला ती सावरत नाही. म्हणून नवी जोडी मागं आणि मागची चांगली पुढं. मिरज रस्त्यावर पहिल्या पावसात ऑइल आणि धूळ मिळून जो चिखल होतो, तो आठवून बघा म्हटलं. मग ऐकलं त्यांनी.

साडेअकराला पोर्शे ७१८ केमन आली आणि दुकानातली सगळी पोरं हातातलं काम टाकून उभी राहिली. नंबर तमिळनाडूचा, बोलणं अस्सल विट्याचं. आपल्या खानापूर-आटपाडी भागातली गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायला भारतभर गेली आणि तिथंच उभी राहिली. त्यातल्याच एका घरातला हा तरुण, लग्नासाठी गावाकडं आलेला. येताना कर्नाटकात महामार्गावर लोखंडी पट्टी लागून मागचा डावा टायर कापला. या गाडीत स्टेपनी नसते, टायरात भरायचा डिंक आणि छोटा पंप असतो. साईडवॉल फाटल्यावर डिंक काय करणार? जवळच्या एका दुकानात त्या मापाचा जो टायर होता तो घातला. आता पावसात जरा जोर दिला की डॅशबोर्डवर घसरल्याचा दिवा लुकलुकतो आणि गाडी एका अंगाला झुकल्यासारखी वाटते.

"अलाइनमेंट करून द्या मामा, शनिवारी परत निघायचंय."

अलाइनमेंटच्या आधी टायर वाचायचा असतो. गाडी लिफ्टवर घेतली, बॅटरी लावली. मागं २६५/४५ झेडआर १८, पुढं २३५/४५ झेडआर १८. मागची रुंद, कारण इंजिन सीटांच्या पाठीमागं आणि ढकलणारी चाकंही मागचीच. मागच्या उजव्या टायरवर मापानंतर १०१ वाय, म्हणजे ८२५ किलो वजन आणि ताशी ३०० किलोमीटर वेग सोसण्याची बांधणी. शेजारी एन हे अक्षर आणि एक आकडा, म्हणजे पोर्शेनं आपल्या गाडीवर तपासून मान्य केलेला टायर. पुढच्या दोन्हींवर तेच, तीच कंपनी. डाव्या नव्यावर माप तेच, कंपनी दुसरी, एन नाही, वेगाचं अक्षर डब्ल्यू, म्हणजे २७०. आपल्या रस्त्यावर २७० नं कोण जातंय, असं तो म्हणाला. बरोबर आहे. पण ते अक्षर फक्त वेग सांगत नाही, आतली बांधणी किती कडक हेही त्यावरून कळतं. एक टायर वळणावर ताठ उभा राहणारा, दुसरा अंग टाकणारा.

मग खाच मोजली. डावा साडेसात मिलिमीटर, उजवा तीन. त्याला कागदावर मांडून दाखवलं. खाचेतला साडेचारचा फरक व्यासात नऊ होतो, घेरात सुमारे अठ्ठावीस मिलिमीटर. चाक किलोमीटरला साधारण साडेचारशे फेरे घेतं, म्हणजे कागदावरच्या हिशोबानं एकाच दांडीवरची दोन चाकं किलोमीटरमागं तेरा मीटर वेगळी चालायला बघतात. डिफरन्शियल हा फरक गिळतं. ते असतंच त्यासाठी, पण वळणापुरतं, सरळ रस्त्यावर दिवसभर नव्हे. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्यात असा फरक पडला तर मधला क्लच तापून खराब होतो. या गाडीत मोठा धोका पकडीचा. दोन्हींचं रबर वेगळं, नक्षी वेगळी. ओल्या रस्त्यावर डावा धरतो तेव्हा उजवा सुटतो. गाडीचा संगणक चाकांचे वेग बघून सुटलेल्या चाकाला ब्रेक लावतो, म्हणून तो दिवा. दिवा चुकत नव्हता, सांगत होता.

उजव्यावरचे शेवटचे चार आकडे २३१९. सन २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचांच्या तळाशी बारीक तडे दिसत होते. कायद्यानं १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, पण अशा गाडीला पावसात तीनच्या खाली मी जाऊ देत नाही.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, मग त्या दुकानदारानं सांगितलं का नाही?" त्या दुकानदाराकडं एकच टायर होता आणि समोर अडकलेलं गिऱ्हाईक होतं. सांगायला हवं होतं, एवढं खरं. ऐंशीच्या खाली चालवा आणि पहिल्या मोठ्या गावात जोडी करा, एवढे दोन शब्द पुरले असते.

जेवण दोनला, उभ्या उभ्या, आणि फोनवर फोन. अशा मापाचे टायर आपल्याकडं सहसा बाहेरून येतात. जून २०२० मध्ये केंद्रानं टायरची आयात परवान्याखाली आणली. देशातल्या कारखान्यांना त्याचा आधार झाला, हे मी मानतो. स्विफ्टच्या मापाचे टायर दहा कंपन्यांचे मिळतात. पण मोठ्या रिमच्या गाडीवाल्याला तेव्हापासून एक टायर मिळतो तर दुसरा मिळत नाही, आणि त्यातूनच ही खिचडी होते. कोल्हापुरात नव्हता. पुण्यात एकाकडं त्याच कंपनीची, एन असलेली मागची जोडी निघाली.

साडेतीन ते पाच ट्रॉलीची कामं. ऊस कधीच संपला, आता सीझनभर ओव्हरलोड सोसलेले टायर उतरवून रिमोल्डला पाठवायचे. तिथंही जोडीचाच नियम, फक्त तिथं कुणी वाद घालत नाही. एक चाक बारीक असलं की भरलेली ट्रॉली कशी झुकते ते ट्रॅक्टरवाल्याला डोळ्यांनी दिसतं.

पाचला तो परत आला. त्याला दोन रस्ते सांगितले. डाव्यावर आहे त्याच कंपनीचा तसाच आणखी एक आणायचा, म्हणजे मागची दांडी तरी एकसारखी होईल. ते चालतं; साध्या गाडीत मी तेच करतो. पण या गाडीत पुढचं-मागचं एकमेकांवर बेतलेलं आहे, म्हणून पुण्याची जोडी घ्यावी हे माझं मत. पुढच्या दोन्हींत साडेचार मिलिमीटर खाच आहे, तडे नाहीत, ते राहतील.

"आणि हा नवाकोरा?"

"उतरवून ठेवू. कुणाला जोडीला लागला तर विकू. तुमच्या गाडीला नको."

वडिलांना फोन लावून तो बाजूला गेला. दोन टायरची किंमत सांगताना त्याचा आवाज खाली गेलेला मला ऐकू आला. चार मिनिटांनी परत आला आणि हो म्हणाला. अलाइनमेंट आज केलं नाही. टायर बदलल्यावर करायचं, नाहीतर दोनदा पैसे जातात.

सातला पुण्याच्या माणसाला पुन्हा फोन केला. दोन्हींचे शेवटचे चार आकडे वाचून दाखव, एनच्या पुढचा आकडा वाचून दाखव आणि दोन्हींचा फोटो पाठव, मगच रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये टाक. फोटो आले. एन सारखा, आठवडा एकाच महिन्यातला. पोराला सांगितलं, उद्या सकाळी सहाला स्टँडवर जाऊन उतरवून घे आणि तिथंच बॅटरी लावून पुन्हा वाच.