धार कोणी लावायची?

खानदेशात गावजेवणाची मोठी भांडी प्रत्येकाच्या घरी नसतात. देवळाच्या किंवा मंडळाच्या खोलीतून ती मोजून आणायची, वरण-बट्टीची पंगत उठली की घासून, मोजून परत करायची. भांड्यावर नाव टोचलेले असते, त्यामुळे वाद होत नाही.

धुळ्यासारख्या गावात सुतारकामाची आवड असलेल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मंडळ काढले, तर अवजारांसाठीही हीच रीत चालेल का? रंधा, करवत, पटाशी, गिरमिट, गुण्या, शिकंजा असा पुरा संच विकत घेणे विद्यार्थ्याला परवडत नाही आणि वर्षातले बरेच दिवस तो पडूनच राहतो. अमेरिकेतील बर्कले शहरात 1979 पासून सार्वजनिक ग्रंथालय पुस्तकांप्रमाणे अवजारेही घरी देते. आपल्याकडे शेतीसाठी 'अवजारे बँक' हा शब्द आता सर्वांच्या परिचयाचा आहे. तेव्हा कल्पना परकी नाही. पण भांड्यांचा नियम जसाच्या तसा लावला, तर अशी पेटी फार काळ टिकणार नाही, असे आम्हाला वाटते.

कारण कढई परत आली की कढईच परत येते. पटाशी मात्र परत येऊनही परत आलेली नसते. तिचे पोलाद, मूठ, लांबी सारे जागेवर असते, गेलेली असते ती धार. शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये 'पटाशी, नग 6' ही नोंद बरोबरच राहते. रजिस्टर नग मोजते, धार मोजत नाही. आणि नग कमी भरू नये म्हणून कपाटाला कुलूप लागते. आत अवजारे गंजतात, हिशेब मात्र चोख राहतो!

धार म्हणजे नेमके काय, हे दाबाच्या धड्याला जोडून वर्गात सहज सांगता येते. 10 मिलिमीटर रुंदीच्या पटाशीची कड झिजून 0.1 मिलिमीटर जाड झाली आहे असे समजा. लाकडाला टेकणारे क्षेत्रफळ 1 चौरस मिलिमीटर झाले. हाताचा जोर 50 न्यूटन असेल, तर दाब दर चौरस मिलिमीटरला 50 न्यूटन. तीच कड निसण्यावर घासून 0.01 मिलिमीटर केली, तर तेवढ्याच जोरात दाब दहापट होतो. बोथट पटाशी धरणारा मुलगा ही दहापट हाताच्या जोराने भरून काढू पाहतो. मग पटाशी अचानक घसरते आणि लाकूड धरलेल्या दुसऱ्या हातात शिरते. नवख्याच्या हाती धारदार हत्यार नको म्हणून त्याला मुद्दाम बोथट देणारे मोठे माणूस आपण पाहतो. त्या प्रेमाचा परिणाम नेमका उलटा होतो.

करवतीचे थोडे निराळे असते. तिचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, म्हणून चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पाते अडकत नाही. ही मुरड गेली की दात तीक्ष्ण असूनही करवत लाकडात रुतते. करवत लावणे हे सरावाचे काम आहे. ते गावातल्या सुताराकडून पैसे देऊन करून घ्यावे. मंडळाने त्याचे गिऱ्हाईक व्हावे, स्पर्धक नव्हे.

आता धुळ्याच्या हवेकडे येऊ. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हातोडीचा दांडा खिळखिळा होतो. वाळताना लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रेषांना आडवे मात्र बरेच आटते, आणि हातोडीच्या भोकात बसतो तो दांड्याचा आडवा छेद. आपण काय करतो? हातोडी रात्रभर पाण्यात ठेवतो. सकाळी दांडा घट्ट! पण फुगणाऱ्या लाकडाला लोखंडी भोक जागा देत नाही, त्यामुळे आतले तंतू चिरडतात. पुन्हा वाळल्यावर दांडा आधीपेक्षाही बारीक होतो. म्हणून दांडा पुरत्या वाळलेल्या बाभळीचा असावा, वरून पाचर ठोकावी आणि जवसाचे तेल पाजावे. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. म्हणूनच ते पात्याला लावू नये, तेथे मशीनचे पातळ तेल बरे. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात मात्र कधीही टाकू नका. घट्ट होताना उष्णता निर्माण होते आणि असे बोळे आपोआप पेटू शकतात. ते उघड्यावर पसरून वाळवावेत.

या सगळ्यावरून देवघेवीचा नियम ठरतो. उशिरा आणल्याचा दंड नाही, अनामत नाही. परत करणाऱ्याने निसण्यावर धार लावून द्यायची आणि घेणाऱ्यासमोर कागदाची कड कापून दाखवायची. धार लावता येत नसेल तर तेथेच शिकायची. शिकल्याशिवाय दुसरे अवजार नाही. प्रत्येक अवजाराची स्वतंत्र वही असावी आणि तीत तारीख, नाव, 'कापले' किंवा 'कापले नाही' एवढेच लिहावे. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवली, की काय बाहेर गेले आहे ते वही न उघडता दिसते. विजेवर चालणारी करवत घरी द्यायची नाही, यावर आमची तडजोड नाही.

जुना सुतार स्वतःचा रंधा कोणाला देत नसे. त्याला आपण कंजूष म्हणत आलो. पण रंध्याचे पाते किती बाहेर काढायचे हे त्याने स्वतःच्या हाताला बसवलेले असे, आणि दुसऱ्याने ते हलवले की पुन्हा जुळवण्यात त्याचा वेळ जाई. मंडळाच्या रंध्याला असा एक मालक नाही. म्हणून प्रत्येक रंधा वर्षभरासाठी एका विद्यार्थ्याच्या देखरेखीत द्यावा. नेणारा कोणीही असो, पाते जुळवायचे त्याने.

सुरुवात सहा-सात अवजारांनी आणि एका चांगल्या निसण्याने करावी. खंडेनवमीला सगळी अवजारे बाहेर काढून पुजली जातातच. त्याच दिवशी वह्या उघडाव्यात आणि पूजेआधी प्रत्येक पटाशीने एकेक कागद कापून पाहावा.