गिधाडांना मारले कोणी?



एखादी प्राणिजात नामशेष होत आहे असे ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक घेतलेला शिकारी येतो, नाहीतर जंगलावर पडणारी कुऱ्हाड. अभ्यासक याची मुख्य कारणे पाच सांगतात : अधिवासाचा नाश, बेसुमार शिकार, बाहेरून आलेल्या जातींचे आक्रमण, प्रदूषण आणि हवामानातील बदल. आपल्या गिधाडांचा घात प्रदूषणाने झाला. पण तेथे कारखान्याचा धूर नव्हता की नदीतले सांडपाणी नव्हते. होते ते एक औषध, आणि तेही दयेपोटी दिलेले.

१९८० च्या सुमारास पांढऱ्या पाठीचे गिधाड आपल्याकडे इतके होते की जगातील मोठ्या शिकारी पक्ष्यांत त्याची संख्या सर्वाधिक असावी, असे मानले जाई. पुढच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांना गिधाडे माना टाकून बसलेली व मरून पडलेली दिसू लागली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतात या जातीच्या हजार पक्ष्यांमागे जेमतेम एक उरला. लांब चोचीच्या व बारीक चोचीच्या गिधाडांत शंभरामागे तीनच राहिले.

प्रथम संशय साथीच्या रोगाचा होता. खरे कारण २००४ मध्ये पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून पुढे आले : डायक्लोफेनॅक. गुडघेदुखीसाठी आपल्यापैकी अनेकांनी घेतलेले हेच ते औषध. स्वस्त म्हणून ते गाई-म्हशींनाही टोचले जाई. औषध दिल्यावर दोन-चार दिवसांत जनावर दगावले आणि गिधाडांनी ते खाल्ले की पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी होत. पक्षी शरीरातील नत्रयुक्त मळ युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतात. ते बाहेर पडेनासे झाले की त्याचा पांढरा थर यकृतावर, हृदयावर चढतो आणि पक्षी थोड्याच दिवसांत मरतो.

आपण विचाराल, सगळ्याच जनावरांना का हे औषध दिले जात होते? नाही. शंभर मृत जनावरांत एकापेक्षा कमी जनावर दूषित असले तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो, असे गणिताने दिसून आले. एका ढोरावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो. शिवाय गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वीण घालण्याजोगे व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात. खर्च मोठा आणि जमा तुटपुंजी, असा हा हिशेब.

गिधाडे गेल्यावर ढोरे उघड्यावर सडू लागली, भटक्या कुत्र्यांचे फावले, पाण्यात घाण गेली. २००० ते २००५ या काळात यामुळे भारतात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२४ च्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने मांडला आहे. मुंबईच्या पारशी समाजाला दख्म्यावर सौर परावर्तक बसवावे लागले.

भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मि.लि.पुरती मर्यादित झाली. गाईच्या शरीरात अ‍ॅसिक्लोफेनॅकचेही डायक्लोफेनॅकच होते. त्यामुळे २०२३ मध्ये ते आणि किटोप्रोफेन जनावरांसाठी बंद झाले. गिधाडांना निर्धोक ठरलेले मेलॉक्सिकॅम बाजारात मिळते. हरियाणात पिंजोरला गिधाडांची पैदास केली जाते. पण सोडलेला पक्षी जगायचा तर त्याचे अन्न शुद्ध हवे.

येथे माझे आपणांस विशेष सांगणे आहे. मी जैन घरातला. पांजरपोळ ही आमच्याकडची जुनी प्रथा. गोशाळा तर गावोगाव आहेत, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या घरातून तेथे देणगी जाते, कोणी विश्वस्तही असतात. तेथील जनावरे म्हातारी आणि आजारी. वेदनाशामक दिल्यावर लवकर दगावण्याचा संभव त्यांचाच अधिक. म्हणून अहिंसा गाईपाशी थांबवून चालणार नाही, तिच्या मृत देहावर जगणाऱ्या पक्ष्यापर्यंत ती गेली पाहिजे. गाईची वेदना शमवायचीच आहे, फक्त औषध बदलायचे आहे.

तेव्हा पुढच्या वेळी देणगीची पावती घेताना एवढे विचारा : येथे कोणते वेदनाशामक टोचतात? बंदी असलेले औषध असेल तर ते काढायला लावा, पशुवैद्यांकडून मेलॉक्सिकॅम मागवा; आणि ज्या जनावराला ते जुने औषध दिले गेले आहे ते मेल्यास खोल पुरायला सांगा. ग्वाल्हेरकरांच्या जवळ ओरछाच्या छत्र्यांवर आणि कर्नाटकात रामनगरच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे अजून घरटी करतात. त्यांच्या पिल्लांचे आयुष्य आपल्या या एका प्रश्नावर अवलंबून आहे.